अमेरिकेतला आयआरए : पैसे भरताना आणि नंतर काय चुकतं?

४०१(के) म्हणजे नोकरीतल्या कंपनीमार्फत चालणारी निवृत्तीची बचत, तिचं बरंचसं काम कंपनी करते. आयआरए म्हणजे स्वतः उघडायचं निवृत्तीचं खातं, त्याचं सगळं आपल्यालाच बघावं लागतं. ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी गाडी कुठे अडते ते आकड्यांसकट लिहा.

—

२०२५ सालासाठी पैसे भरण्याची मर्यादा ७,००० डॉलर होती, वय ५० किंवा जास्त असेल तर ८,०००. मर्यादा ट्रॅडिशनल (भरताना करात वजावट मिळू शकते, काढताना कर) आणि रॉथ (कर भरलेले पैसे घालायचे, निवृत्तीत काढताना कर नाही) मिळून असते, प्रत्येकी नाही. एखाद्या वर्षाचे पैसे पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत भरता येतात, म्हणून जानेवारी ते एप्रिल भरताना साल नीट निवडा. जास्त भरले गेले आणि तसेच राहिले, तर जादा रकमेवर दरवर्षी ६ टक्के दंड.

दुसरी चूक फार दिसते. आयआरए म्हणजे नुसता डबा. पैसे जमा झाले की ते रोख पडून राहतात. इंडेक्स फंड वगैरे वेगळी ऑर्डर देऊन घ्यावे लागतात. खातं उघडून दोन दिवसांनी पुन्हा लॉगिन करून बघाच.

—

एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या जोडीदाराला पगार नसला तरी त्याच्या नावे आयआरए चालतो. अट अशी की टॅक्स रिटर्न दोघांचं एकत्र हवं आणि कमावत्याची कमाई दोघांच्या रकमेला पुरेशी हवी. खातं मात्र स्वतंत्र, संयुक्त आयआरए नसतो. घरी असलेल्या बाईच्या स्वतःच्या नावावर पैसे साठण्याचा हा चांगला मार्ग आहे, तो सोडू नका.

—

रॉथला उत्पन्नाची अट आहे. २०२५ साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्यांना २,३६,००० डॉलर उत्पन्नापासून मर्यादा घटू लागत होती आणि २,४६,००० ला संपत होती. त्यापुढचे लोक ‘बॅकडोअर’ करतात : ट्रॅडिशनलमध्ये वजावट न घेता ७,००० भरायचे आणि मग ते रॉथमध्ये वळवायचे.

घोळ होतो तो जुन्या रोलओव्हरमुळे, म्हणजे आधीच्या ४०१(के) मधून आयआरएत हलवलेल्या पैशांमुळे. समजा, आधीच्या नोकरीचे ९३,००० ट्रॅडिशनल आयआरएत पडलेत, त्यांवर कर भरलेला नाही. आता एकूण एक लाख. तुम्ही ७,००० वळवलेत तर ‘आपलेच ७,००० काढले’ असं म्हणता येत नाही. त्यातले ७ टक्के, म्हणजे ४९० डॉलरच करमुक्त, बाकी ६,५१० उत्पन्नात धरले जातात. सगळी ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल (स्वतःच्या किंवा छोट्या धंद्यातून उघडलेले आयआरए) खाती एकत्र मोजतात, तीही वळवलेल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या शिलकेवर. ४०१(के) यात येत नाही. म्हणून सध्याच्या कंपनीचा प्लॅन घेत असेल तर ते ९३,००० आधी तिथे हलवा. आणि वजावट न घेतलेल्या पैशांची नोंद करणारा फॉर्म ८६०६ टॅक्स रिटर्नबरोबर नवरा-बायको दोघांचा वेगवेगळा भरा. तो राहिला तर कर भरलेल्या पैशाची नोंदच उरत नाही.

—

रोलओव्हरचा चेक स्वतःच्या नावे घेऊ नका. ४०१(के) मधून तसा घेतला तर करापोटी २० टक्के कापून येतात, आणि पूर्ण रक्कम ६० दिवसांत भरायची तर ती तूट खिशातून घालावी लागते. थेट संस्थेकडून संस्थेकडे पाठवा.

—

भारतात परतणाऱ्यांसाठी. भारतात करासाठी पूर्ण निवासी झालात की खात्यात वाढणाऱ्या उत्पन्नावर दरवर्षी कर लागू शकतो, अमेरिकेत मात्र तो काढताना. साल जुळत नाही, म्हणून तिथे भरलेल्या कराची सूट मिळवताना अडतं. यावर १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९ए आलं : फॉर्म १०-ईई रिटर्नच्या मुदतीआधी ऑनलाइन भरला की कर पैसे काढतानाच. हा पर्याय एकदा घेतला की मागे घेता येत नाही. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, सीएला आजचं कलम आणि फॉर्म विचारा. वारसाचं नाव मात्र निघण्याआधीच अमेरिकेतल्या खात्यावर घाला; मृत्युपत्रात वेगळं लिहिलं असलं तरी खात्यावरचंच नाव चालतं.