तांबडं, टोमॅटोसारखं वांगं: नाव काय, करायचं कसं?

प्रश्न (कोल्हापूर): वांग्याच्या रोपाला चपटी, कंगोरेदार फळं आली. हिरवी होती, पिकून केशरी-तांबडी झाली. भाजी कडू लागते. जात कोणती?

उत्तर १: हे आपलं नेहमीचं वांगं नव्हे, याचं शास्त्रीय नाव सोलॅनम इथिओपिकम. नावात इथिओपिया असली तरी पीक आफ्रिकेत दूरवर पिकतं. चपटं कंगोरेदार असेल तर कुंबा गट, गुळगुळीत लांबट-गोल असेल तर गिलो. ब्राझीलमध्ये त्यालाच जिलो म्हणतात आणि हिरवंच खातात. चूक तोडणीत आहे ताई. तांबडं झालं की बी टणक होतं, साल चिवट होते, कडूपणा वाढतो. रंग पालटायच्या आधीच तोडा.

उत्तर २: पाव किलो हिरव्या फळांच्या फोडी १ लिटर पाण्यात १ चमचा मीठ घालून २० मिनिटं ठेवा, पाणी फेका, पिळून घ्या. आधी तेलात नुसत्या परता, मग दीड चमचा कांदा-लसूण चटणी आणि दाण्याचं कूट. चटणी आधी टाकली तर ती करपते, फोडी कच्च्याच राहतात.

उत्तर ३: तांबडी फळं बियाण्याला ठेवा. यातले काही वाण मर रोगाला (रोप वाळवणाऱ्या) दाद देत नाहीत, म्हणून साध्या वांग्याच्या कलमाला खुंट (खालचा मुळांचा भाग) म्हणूनही वापरतात.