इंग्रजी वाक्यातील शब्दांची जागा आणि मराठीतील प्रत्यय

‘कुत्रा माणसाला चावला’ आणि ‘माणसाला कुत्रा चावला’ या दोन्ही वाक्यांत चावणारा कुत्राच आहे, कारण ‘ला’ ज्याला लागला तो चावा सोसणारा, मग तो वाक्यात कुठेही बसो. ‘द डॉग बिट द मॅन’ यातील नामांची अदलाबदल केली की मात्र घटनाच उलटते.

इंग्रजीत पूर्वी असे नव्हते. जुन्या इंग्रजीत राजा कर्ता असला तर ‘से क्युनिंग’ आणि कर्म असला तर ‘थोने क्युनिंग’ म्हणत; ‘से’ आणि ‘थोने’ ही ‘द’चीच जुनी रूपे. पुढे शब्दांच्या शेवटचे आघातहीन, म्हणजे जोर न देता उच्चारले जाणारे, स्वर झिजत गेले, त्यांच्याबरोबर विभक्तीही गेली आणि तिचे काम जागेकडे आले. ‘ही’ आणि ‘हिम’ अशा सर्वनामांत तिचे अवशेष उरले आहेत.

मराठी याबाबतीत पूर्णपणे मोकळी आहे, असेही नाही. ‘काच दगड फोडतो’ यात क्रियापदाच्या पुल्लिंगी रूपावरून दगड हा कर्ता ठरतो. परंतु ‘दगड आरसा फोडतो’ या वाक्यात दोन्ही नामे पुल्लिंगी आणि निर्जीव कर्माला ‘ला’ही नाही, त्यामुळे कर्ता ओळखण्यासाठी आपणही आधी कोण आले तेच पाहतो.

इंग्रजी शब्दक्रमाची खरी ताकद मला ‘ही हॅड वॉश्ड द कार’ आणि ‘ही हॅड द कार वॉश्ड’ या जोडीत दिसते. शब्द तेच आहेत, पण पहिल्यात त्याने गाडी स्वतः धुतली होती आणि दुसऱ्यात ती कोणाकडून तरी धुवून घेतली. हा फरक दाखवायला मराठीला क्रियापदाचे रूपच बदलावे लागते.

‘ओन्ली’ वाक्यात कुठे ठेवावा याबाबत आपली गल्लत होते ती शब्दाच्या मागे लागणाऱ्या ‘च’मुळे. ‘मी इथेच आहे’ म्हणण्याची सवय असल्याने आपण ‘आय ॲम हिअर ओन्ली’ म्हणतो. आपापसांत बोलताना त्यात काही वावगे नाही, परंतु करारपत्रासारख्या मजकुरात ‘ओन्ली’ ज्याला मर्यादा घालायची त्याच्या लगेच आधी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. ‘ओन्ली ही लेंट मी द बुक’ म्हणजे त्यानेच पुस्तक दिले; ‘ही लेंट ओन्ली मी द बुक’ म्हणजे मलाच दिले; ‘ही लेंट मी ओन्ली द बुक’ म्हणजे पुस्तकच दिले, दुसरे काही नाही.