डॉक्टर आणि वकील, दोघांविरुद्ध तक्रार: आधी कुठे जायचं?

ऐरोलीकर:
सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन इथल्या एका खाजगी रुग्णालयात झालं, नंतर गुंतागुंत वाढली. केसपेपर मागितले की टाळाटाळ होते. ग्राहक आयोगासाठी ठाण्यात वकील नेमले, तेही आता उरलेली फी दिल्याशिवाय फाईल देत नाहीत. मेडिकल कौन्सिल, बार कौन्सिल, आयोग, पोलीस: सुरुवात कुठून करू? कौन्सिल भरपाई देते का?

नौपाडा५:
भरपाई आयोगाकडून मिळते, कौन्सिलकडून नाही. कौन्सिल ताकीद देते, नोंदणी काही काळ निलंबित करते किंवा नाव काढून टाकते.

पहिलं काम केसपेपरचं. रुग्णाच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नका. ऑपरेशन नोट्स, भुलीची नोंद, नर्सिंग चार्ट, संमतीपत्र, तपासण्यांचे रिपोर्ट अशी नावं घालून मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ७२ तासांत द्यावे लागतात. न देणं हा स्वतंत्र गैरवर्तनाचा मुद्दा होतो.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार डॉक्टरविरुद्ध होते, रुग्णालयाविरुद्ध नाही. बरेच अर्ज इथेच अडकतात. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची नावं, नोंदणी क्रमांक वेगवेगळे लिहा. डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे असतील तर त्यांच्या परिषदा निराळ्या. रुग्णालयाबद्दलची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली.

अर्जात 'निष्काळजीपणा' हा शब्द दहादा लिहून काही होत नाही. तारीखवार घटनाक्रम द्या आणि दुसऱ्या सर्जनचं लेखी मत जोडा.

आयोगाची मुदत २ वर्षं, आणि कौन्सिलचा निकाल लागेपर्यंत ती थांबत नाही. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालतात. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, पण त्यात तुम्ही भरलेलं बिल धरतात, मागितलेली भरपाई नाही. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

कोर्टनाका:
वकिलाला फीसाठी फाईल अडवून ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे स्पष्ट केलं. फी हवी तर त्यांनी वेगळा दावा करावा. स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा, पावती जपा. तरी दिली नाही तर अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सत्यापनासह (मजकूर खरा असल्याच्या सहीच्या निवेदनासह) तक्रार करा, मराठीत चालते. वर्षभरात निकाल झाला नाही तर कलम ३६ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं.

वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४च्या निकालाने तो रस्ता बंद झाला आहे.

नव्या वकिलासाठी जुन्याची संमती मिळत नसेल तर कारण सांगून आयोगाचीच परवानगी मागा. फाईलच्या भांडणात पुढची तारीख चुकवणं सगळ्यात महागात पडतं.

नियमवाचक:
नौपाडा५ यांच्या मुद्द्याला जोड. इंटरनेटवरच्या तयार मसुद्यांत २०२३चे वैद्यकीय आचारनियम आणि केसपेपरसाठी 'पाच कामकाजाचे दिवस' असं असतं. ते नियम २३ ऑगस्ट २०२३ला स्थगित झाले. २००२चेच नियम लिहा.

कौन्सिलच्या निकालावरच्या अपिलाची बाजू मात्र अन्यायाची आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये अपील करण्याचा हक्क डॉक्टरला दिला आहे, रुग्णाचा उल्लेखच नाही. या कारणावरून रुग्णांची अपिलं फेटाळली गेली आहेत. मग उच्च न्यायालय उरतं. म्हणून मूळ तक्रारीतच सगळे कागद लावा.

पोलिसांत घाई नको. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांना स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं.