बंब आणि गिझर काढून हीट पंप बसवावा का? विदर्भातल्या खेड्यातल्या घराचा हिशेब

कोरडवाहू:
चर्चेसाठी एक घर समोर ठेवतो. खेड्यातलं एकत्र कुटुंब, आठ माणसं. न्हाणीजवळ तांब्याचा बंब, त्यात पऱ्हाट्या-तुराट्या (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या) जळतात. नव्या बाथरूममध्ये 25 लिटरचा गिझर. माझं म्हणणं असं, की दोन्ही काढावं आणि हवेतून उष्णता ओढणारा 200 लिटरचा हीट पंप लावावा.

यंत्र म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागते, म्हणून एका युनिटमध्ये तीन-साडेतीन युनिटांची उष्णता मिळते.

माणशी 40 अंशाचं 30 लिटर पाणी धरलं तर आठ जणांना 240 लिटर. टाकीत 50 अंश आणि नळाला हिवाळ्यातलं 18 अंश असेल, तर त्यातलं गरम पाणी लागतं साधारण 165 लिटर. म्हणजे 200 ची टाकी पुरते, पण पाहुणे आले की नाही. 200 लिटर पाणी 20 वरून 50 अंशांवर न्यायला 7 युनिट उष्णता लागते. गिझरला टाकीची गळती धरून साडेसात युनिट वीज, हीट पंपाला अडीचच्या आत. युनिटचा दर दहा रुपये धरा, म्हणजे 75 रुपये विरुद्ध 24-25.

खरा फायदा आपल्या हवेचा आहे. हिवाळ्यात पहाटे 10-12 अंश असले तरी दुपारी 28 च्या पुढे जातं. टायमर लावून यंत्र दुपारी 12 ते 4 चालवायचं, पाणी टाकीत ठेवायचं आणि सकाळी वापरायचं. चांगल्या पफ (फोमच्या) इन्सुलेशनच्या टाकीत रात्रभरात चार-पाच अंश उतरतात, तेवढे चालतात. पहाटे चालवला तर तेच यंत्र एका युनिटात अडीचच देईल.

हिशेबनीस:
दिवसाचा हिशेब बरोबर, वर्षाचा कुठे आहे?

आपल्याकडे गरम पाणी लागतं दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत, फार तर 120 दिवस. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, गरम करायचं कशाला? रोजचे 50 रुपये वाचले तर वर्षाचे 6,000. हीट पंप पाइप-फिटिंगसकट लाखाच्या घरात जातो, चांगला गिझर दहा हजारांच्या आत. नव्वद हजारांचा फरक वसूल व्हायला पंधरा वर्षं लागतील, आणि तोवर कॉम्प्रेसर टिकेल याची हमी कोणी देत नाही.

ज्या व्हिडिओंमुळे हे खूळ गावात आलंय ते इंग्लंडचे आहेत. तिथे बॉयलर काढतात तो घर तापवणारा, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांना पाणी पुरवणारा. थंडीचे महिने रात्रंदिवस चालणारं यंत्र ते, वर सरकार 7,500 पौंड अनुदान देतं. शिवाय खोली तापवायला 35 ते 45 अंशांचं पाणी पुरतं, म्हणून यंत्राची मेहनत कमी. आपली गरज बादलीभर आंघोळीची. त्यांचा आकडा इथे लावला की उत्तर चुकणारच.

घर एवढंच असेल तर सोलर वॉटर हीटर घ्या. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं, नेमकं पाणी लागतं तेव्हाच ऊन असतं. किंमत हीट पंपाच्या तिसऱ्या हिश्श्यात, विजेचं बिल शून्य.

संत्राबाग:
सोलरच्या काचेच्या नळ्या आणि लाल तोंडाची-काळ्या तोंडाची माकडं हा विषय राहिला का? गच्चीवर वानरांची टोळी उतरली की दोन-तीन नळ्या जातात, आणि एक नळी फुटली की टाकी रिकामी. जाळी लावायची तर सावली पडते.

पण मला हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. हिशेबनीस दादा, तुम्ही बंबाला फुकट धरलंत. बंब पहाटे पाचला कोण पेटवतं? आठ जणांसाठी तो तीनदा भरावा लागतो, वरून पाणी ओतायचं, खालून राख ओढायची, मधली नळी काजळीने भरली की धूर न्हाणीत. 200 लिटर पाण्याला बंबात पाच किलोच्या आसपास कोरडं सरपण जातं, कारण बरीचशी आग नळीतून वर निघून जाते. सीझनला सहा क्विंटल. ते वाहायचं, रचायचं, पावसात झाकायचं काम बायकांचंच असतं, त्याचा दर कोणत्याच तक्त्यात नाही.

आणि पऱ्हाट्या घराशेजारी रचून ठेवणं हा वेगळाच घोळ. शेवटच्या वेचणीनंतर झाडावर किडकी, न उघडलेली बोंडं राहतात. त्यात गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. 2017 ला या अळीने कापसाचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, पऱ्हाट्यांचे ढीग शेताजवळ ठेवू नका, आणि आपण आंघोळीच्या पाण्यासाठी तेच ढीग मेपर्यंत सांभाळतो.

फेज-न्यूट्रल:
भाऊ, हिशेब तुमचे दोघायचेही बराबर हायेत, पण व्होल्टेज कोनी मोजलं नाई. ज्या आठवड्यात शेतीच्या थ्री-फेजची रात्रीची पाळी असते, त्या आठवड्यात ज्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) घरं अन् शेतीच्या मोटारी दोनी हायेत तिथं रात्री 170-180 व्होल्ट दिसते. गिझरले काई फरक पडत नाई, पाणी उशिरा तापते एवढंच. कॉम्प्रेसर मात्र त्या व्होल्टेजवर उठतच नाई. रोटर जागीच अडकते, करंट पाच-सहा पट वाढते, ओव्हरलोड ट्रिप होते, तीन मिनिटानं पुन्हा प्रयत्न. असं दहादा झालं की वाइंडिंग गेलं समजा.

लावायचाच असन तर इतकं करा. 3 केव्हीएचा स्टॅबिलायझर, 130 पासून 280 व्होल्टची रेंज असलेला, अन् त्यात टाइम-डिले (लाइट आल्यावर थोडं थांबून चालू करनारा) पायजेच. मीटरपासून वेगळी 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर, 16 अँपियरचा सी-कर्व्ह (सुरू होतानाचा झटका सोसनारा) एमसीबी, 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडनारा). आंघोळीच्या पाण्याले लागलेलं यंत्र हाये, आरसीसीबीत कंजुषी करू नका. गावच्या लाइनवर न्यूट्रल तुटला तर सिंगल-फेज घरात 300 च्या वर व्होल्ट येते, त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ.

अर्थिंगचं तं सांगूच नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी होते, काँटॅक्टच रायत नाई. पाच ओहमच्या आत पायजे, अन् खड्ड्यात पाणी ओतत रायलं पायजे.

कोरडवाहू:
फेज-न्यूट्रल भाऊ, व्होल्टेजचा मुद्दा मान्य, म्हणूनच दुपारचा टायमर म्हटलं. रात्रीची पाळी असली तरी दुपारी गावठाणात दाब बरा असतो.

हिशेबनीस, 120 दिवसांचा हिशेब मी नाकारत नाही. पण छतावर सौर पॅनल बसवणाऱ्या घरात तो बदलतो. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, गावोगाव पॅनल लागताहेत. दुपारी पॅनलची वीज असतेच, ती गरम पाण्याच्या रूपात टाकीत साठते.

हिशेबनीस:
नेट मीटर असेल तर ती वीज वाया जात नव्हती, ग्रिडला जाऊन युनिट जमा होत होतं. म्हणजे हीट पंपाने काही फुकट वापरलं नाही, आपल्याच खात्यातलं वापरलं. पॅनलवाल्या घराने साधा गिझर चालवला तरी रोज पाचच युनिट जास्त जातील, 120 दिवसांचे 600. त्यासाठी अर्धा किलोवॅट पॅनल वाढवलं की झालं, त्यात कॉम्प्रेसर नाही, कॉम्प्रेसरमध्ये फिरणारा गॅस नाही.

वर्षभर गरम पाणी लागतं तिथे मात्र मी हीट पंपाच्या बाजूने. दूध संकलन केंद्रात कॅन धुवायला रोज 60 अंशांचं पाणी लागतं, वसतिगृह आहे, ताडोबाच्या वाटेवरचं मुक्कामाचं घर आहे. तिथे 365 दिवस धरा, पंधराची पाच वर्षं होतात. यंत्र चांगलं आहे, घर चुकीचं निवडलंय.

पूर्णाकाठ:
पाण्याबद्दल कोणीच बोलत नाही, आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीतलं पाणीच खारट) यंत्र मरतं ते पाण्यानेच.

आधी पाणी तपासून घ्या: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा आणि क्लोराईड, तिन्ही. गरम पाण्यात क्लोराईड लिटरला 200 मिलिग्रॅमच्या वर गेलं की 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीला वेल्डिंगपाशी सुईच्या टोकाएवढी भोकं पडायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही, इन्सुलेशन आतून ओलं होतं आणि टाकीच्या बुडाशी एक तांबूस डाग उमटतो. तो दिसला की टाकी संपली. अशा पाण्याला आतून काचेचा लेप दिलेली टाकी आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड हवा. तो रॉड स्वतः झिजून टाकीला वाचवतो. गोड्या पाण्यात दोन-तीन वर्षं जातो, आपल्याकडे सहा महिन्यांनी उघडून बघा. बोटाएवढा जाड रॉड पेन्सिलीएवढा झाला की बदला. बोअरवर सॉफ्टनर बसवलं तर क्षार जमायचे कमी होतील, पण क्लोराईड तिथेच राहील आणि रॉड उलट लवकर संपेल.

दुसरं, प्लेट हीट एक्स्चेंजरवालं (पातळ प्लेटांमधून पाणी फिरवून तापवणारं) यंत्र या पट्ट्यात घेऊच नका. प्लेटांमधल्या फटी दोन-तीन मिलिमीटरच्या, एका हिवाळ्यात क्षाराने बुजतात, मग हाय प्रेशरचा एरर येतो आणि मेकॅनिक गॅस कमी आहे म्हणून भरून जातो. टाकीच्या बाहेरून कॉइल गुंडाळलेलं मॉडेल घ्या, क्षार जमला तरी यंत्र सावकाश का होईना चालतं.

तापमान 50-52 वर ठेवा. 60 च्या वर क्षार झपाट्याने बसतो. फक्त आठवड्यातून एकदा 60 ला न्यायचं, साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात म्हणून. ते काम आतल्या दीड किलोवॅटच्या हीटरवर सोपवलेलं असतं, आणि गंमत इथेच होते: बसवणारा माणूस सेटिंग 65 वर ठेवून जातो, हीट पंप तिथवर पोचत नाही, उरलेलं सगळं हीटर करतो. लाखाचं यंत्र घेऊन गिझरचंच बिल भरायचं!

संत्राबाग:
कापूस घरात भरलेला असतो त्या दिवसांत पंख्यासमोरच्या जाळीचं काय? तंतू उडतात.

पूर्णाकाठ:
ताई, अगदी नेमकं विचारलंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे यंत्राची गरज आणि घरात कापूस, एकाच वेळी. तंतू कॉइलच्या पात्यांवर नमद्यासारखे बसतात, हवा अडते, कॉइल जास्त गार पडते आणि थंड सकाळी तिच्यावर बर्फ धरतो. एरवी आपल्याकडे बर्फाचा प्रश्न जवळपास नाही. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंश नोंदले गेले तसे दिवस विरळाच. दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेनेच झाडा, आडवं घासलं तर पाती वाकतात. कापसाच्या खोलीपासून आणि तूर काढायच्या जागेपासून यंत्र दूर ठेवा. मागे एक फूट, पुढे किमान दोन-अडीच फूट मोकळं, खाली सहा इंचांचा ओटा. गार हवेचा झोत न्हाणीच्या दारावर येणार नाही एवढं बघा, नाहीतर आंघोळ करणारा शिव्या देईल.

पाइप सीपीव्हीसीच. साधा पांढरा यूपीव्हीसी 60 अंशांना मऊ पडून सांध्यातून सुटतो. पाणी गच्चीच्या टाकीवरून येत असेल तर वाफ-हवेचा पाइप त्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर उघडा न्या. 200 लिटर तापताना पाणी जवळपास दोन लिटर फुगतं, त्याला जागा हवी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न जाऊ देणारा) लावलात तर रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या) रोज थेंब पडणार, ती गळती समजून तो व्हॉल्व्ह बूच मारून बंद करू नका.

हिशेबनीस:
एवढी निगा वाचून माझं मत पक्कं झालं. बंब जावा हे ताईंचं म्हणणं खरं, त्यावर वाद नाही. त्याच्या जागी 25 लिटरचे दोन गिझर, आठ-दहा हजारांचे. गॅस गिझर मात्र बंद न्हाणीत नको, कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेलेली आहेत.

कोरडवाहू:
दोन गिझर सकाळी एकदम लागले की 4 किलोवॅट. घराचा मंजूर भार बहुतेक ठिकाणी एक-दोन किलोवॅटचा, तो वाढवायचा अर्ज आणि जाडी वायर हेही मांडा. हीट पंप एक किलोवॅटच्या आत चालतो.

फेज-न्यूट्रल:
भार तं वाढवाच लागन, मंग काई लावा. मी एवढंच म्हन्तो, घ्यायच्या आधी यंत्राच्या पाटीवर गॅस कोणता लिहिला हाये ते वाचा. आर-134ए असन तर तालुक्याचा फ्रिजवाला भरून देते. आर-32 ले प्रेशर जास्त, गेज वेगळे लागते. आर-290 म्हंजे शुद्ध प्रोपेन, सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊ. दुकानदार म्हन्ते पर्यावरणाले चांगला, ते खरंच हाये. पण जुना बंब काढवत नाई म्हनून तुमी तो तसाच चालू ठेवान, अन् त्याच भिंतीले हे यंत्र लावान, तं तसं करू नका. गॅस गळला तं तो जड असते, खाली बसते, अन् बंबाची जाळी खालीच असते.