पुळणीवरचा बंधारा : कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

मोठे काका (गाव) :
सर्वांना नमस्कार. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेपुढे आपल्या किनाऱ्यावर दगडी धूप प्रतिबंधक बंधारा बांधून मिळावा, असा ठराव येणार आहे. खाडीच्या मुखापासून सुरूच्या बनाच्या टोकापर्यंत तो व्हावा, असे सुचवले गेले असून आपल्या सामाईक माडाच्या बागेची समुद्राकडील संपूर्ण हद्द त्यात येते. सातबाऱ्यावर आपल्या सर्वांचीच नावे असल्यामुळे आपले मत लेखी द्यावे, असा निरोप आला आहे. मी एकट्याने सही करून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. तरी सुप्रभातचे संदेश दोन दिवस बाजूला ठेवून प्रत्येकाने या विषयावर लिहावे.

धाकटे काका (डोंबिवली) :
दादा, यात विचारायचे ते काय? 3 जून 2020 चे निसर्ग वादळ आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात आलेले तौक्ते, या दोहोंत मिळून समुद्राकडची माडांची अख्खी रांग गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मागच्या श्रावणात मी आलो होतो, तेव्हा कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याखालची वाळू निघून एवढी पोकळी झाली होती की कोपरापर्यंत हात आत जात होता. सरकार स्वतःहून बंधारा देत असेल, तर तो घ्यावा आणि वडिलांनी लावलेली बाग वाचवावी. माझी संमती आहे असे समजावे.

दादा (गाव) :
काका, मला थोडी शंका आहे. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता कासवांच्या घरट्यांच्या फेरीला निघालो आहे.

ताई (पुणे) :
काका, तुमची काळजी रास्त आहे आणि गडग्याखालची पोकळी मीही पाहिली आहे. मात्र तुम्ही पाहिलेला किनारा श्रावणातला होता, हे लक्षात घ्यायला हवे. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. पाऊस सरल्यावर समुद्र शांत झाला, की त्याच वाळूतली बरीचशी लहान लाटांबरोबर हळूहळू परत वर येते. म्हणून श्रावणातल्या किनाऱ्याची माघातल्या किनाऱ्याशी तुलना केली, तर दरवर्षीच समुद्र आत आल्यासारखा वाटेल. माघाची तुलना माघाशी केली पाहिजे, आणि तीही भरती-ओहोटीची वेळ सारखी धरून. तशी तुलना केली, तरी आपली पुळण अरुंद झालेली दिसेल असाच माझा अंदाज आहे, कारण जुन्या फोटोंत होड्या जिथे ओढून ठेवलेल्या दिसतात तिथे आता भरतीचे पाणी येते. तेव्हा धूप होतच नाही, असे माझे म्हणणे नाही. ती कशामुळे होते आहे, हे न तपासताच औषध ठरवले जात आहे, एवढेच मी म्हणते.

बंधाऱ्याविषयी थोडे लिहिते. उताराच्या वाळूवर लाट चढते, तेव्हा तिचा जोर त्या उतारावरच हळूहळू जिरतो आणि उरलेले पाणी वाळूतून झिरपत परत जाते. उभ्या किंवा तीव्र उताराच्या दगडी भिंतीवर तीच लाट आपटली, की तिचा बराचसा जोर उलटा फिरतो आणि भिंतीच्या पायाशी असलेली वाळू उकरून निघते. भिंतीमागची जमीन काही काळ सुरक्षित राहते, हे खरे आहे. पण भिंतीपुढची पुळण उतरत जाते, पाया उघडा पडतो आणि काही वर्षांनी दगड खचून पुन्हा नवे दगड टाकावे लागतात. याशिवाय किनाऱ्याच्या कडेकडेने वाळूचा जो प्रवाह सतत चालू असतो, त्यात अडथळा आला की पलीकडच्या गावाला मिळणारी वाळू कमी होते. पुदुच्चेरीत 1980 च्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी लाटारोधक भिंती बांधल्यावर उत्तरेकडचा किनारा वाळूवाचून वाहून गेला, तो वाचवायला दगडांची रांग टाकली आणि शहराला वर्षानुवर्षे पुळणच उरली नाही. पुढे 2018 च्या सुमारास तिथे पाण्याखाली कृत्रिम बांध बसवून आणि वाळू भरून किनाऱ्याचा काही भाग परत मिळवावा लागला.

आत्या (खाडीपलीकडून) :
ताईने लिहिले ते पुस्तकातले नाही, ते मी रोज दारातून पाहते. आमच्याकडे बंधारा झाला, तेव्हा गावाने नारळ फोडला होता आणि आम्हालाही हायसे वाटले होते. पहिले दोन-तीन पावसाळे खरोखरच निर्धास्त गेले. त्यानंतर बंधाऱ्यापुढची वाळू उतरू लागली. आता उधाणाच्या भरतीला तिथे पाय ठेवायला वाळू उरत नाही, पाणी थेट दगडांना लागते आणि दगडांच्या फटींतून मागे येऊन अंगणात साचते. सर्वांत वाईट गत बंधारा जिथे संपतो तिथल्या घराची झाली. त्यांची बाग आधी धड होती. बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घेऊन येणाऱ्या पाण्याने तिथे कोयत्याने कापल्यासारखा चंद्राकार खड्डा पडला आणि दोन पावसाळ्यांत त्यांचे माड मुळांसकट आडवे झाले. आता ते घर म्हणते की बंधारा आणखी पुढे वाढवा, आणि त्यांच्या पुढचे घर म्हणते की आमच्या टोकाला आणून सोडू नका. धाकट्या, आपली बाग बंधाऱ्याच्या मधे येते की टोकाला, हे तू नकाशावर पाहिले आहेस का? आपला थोरला लिहितो की सुरूच्या बनाच्या टोकाला तो संपणार आहे. म्हणजे जवळजवळ आपल्याच कुंपणाशी.

आणखी एक गोष्ट. आमच्या गावातली रापणीची मासेमारी बंद झाली, त्याला हा बंधाराही कारण आहे. रापणीचे जाळे ओढायला मोकळी पुळण लागते, दगडांवर उभे राहून ते ओढता येत नाही. होड्या वर घ्यायलाही जागा नाही, त्यामुळे त्या आता खाडीत नेऊन बांधाव्या लागतात.

धाकटे काका (डोंबिवली) :
ताई (आत्या), टोकाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. नकाशा मी पाहिलेला नाही.

मोठे काका (गाव) :
नकाशा मलाही दाखवलेला नाही. मागितला, तेव्हा तो वरच्या कार्यालयात आहे असे उत्तर मिळाले. ठराव आधी आणि नकाशा नंतर, असा हा क्रम आहे.

खाडीचे बोलायचे तर, आपल्या लहानपणी खाडीतली वाळू हातपाटीने निघत असे. माणूस बुडी मारून पाटी भरणार आणि होडी भरेपर्यंत भरती लागणार, त्यामुळे काढण्यालाच मर्यादा होती. सक्शन पंप आल्यापासून रात्रीत किती वाळू जाते, याचा हिशोब गावाकडे नाही. खाडीच्या मुखाशी जो वाळूचा दांडा ओहोटीला उघडा पडत असे, तो आता दिसत नाही. तो दांडा गेल्यापासून लाटा थेट आत येतात, असे होड्यांचे जुने तांडेल सांगतात आणि मला ते पटते. किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) वाळूचे खाणकाम निषिद्ध आहे. स्थानिक पारंपरिक लोकांनी हाताने वाळूचे दांडे मोकळे करण्यापुरती परवानगीची सवलत मिळते, तिच्या आडून पंप चालतात. ज्यांचे पंप चालतात, त्यांच्यापैकी काही जण या ठरावासाठी फार उत्सुक आहेत, एवढेच नमूद करतो.

वहिनी (ठाणे) :
काका, हे ग्रामसभेत बोलण्याआधी लेखी पुरावा हाताशी असावा. नुसते तोंडी बोललो, तर भावकीतल्या भांडणाचे स्वरूप येईल.

दादा (गाव) :
आत्ता परतलो. कासवमित्र म्हणून माझा संबंध फक्त अंड्यांशी आहे, असे सगळ्यांना वाटते. पण पुळण कुठे किती उरली, हे पहाटे चालणाऱ्याला आपोआप कळते. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून एका वेळी साधारण 100 ते 150 अंडी घालते. तिला चढायला उतार हवा आणि खणायला वाळू हवी. मागच्या हंगामात बनाजवळ एक मादी वर आली होती. तिच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग सरळ गडग्यापर्यंत गेला होता, तिथे ती दोन ठिकाणी उकरून पाहून, खाली चिऱ्यांचे तुकडे लागल्यावर अंडी न घालता परत वळली होती. बंधारा झाल्यावर सगळीकडे हेच होईल. वेळासला 2002 पासून कासव संरक्षणाचे काम उभे राहिले आणि त्याच्या आधारावर गावाला पर्यटनही मिळाले, ते पुळण शाबूत होती म्हणून. गुहागरहून 2023 मध्ये उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. इतक्या लांब फिरणाऱ्या या जिवाला अंड्यांसाठी मात्र पुळणच लागते.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत कासवांची विणीची जागा आणि वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित गटात, म्हणजे सीआरझेड-1 अ मध्ये येतात. धूप रोखण्याची कामे अधिसूचनेत मुळीच वर्ज्य नाहीत, पण त्यासाठी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे प्रस्ताव जावा लागतो. आपल्या किनाऱ्याची विणीची जागा म्हणून प्रस्तावात नोंद केली आहे की नाही, हे विचारायला हवे.

धाकटे काका (डोंबिवली) :
मी कासवांच्या विरोधात नाही. मात्र एक प्रश्न रोखठोक विचारतो. बंधारा नको, पंप बंद व्हायला हवेत, अभ्यास व्हायला हवा, हे सर्व मान्य केले, तरी येत्या आषाढात गडगा पडला तर काय करायचे? मुंबई-पुण्यात बसून निसर्गाविषयी लिहिणे सोपे असते, आणि यात मी स्वतःलाही धरतो.

ताई (पुणे) :
काका, प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. वाळूवर पसरणारी मर्यादवेल लावली की समुद्र थांबतो, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये; वादळाच्या लाटेपुढे ती टिकत नाही. तिचे काम वेगळे आहे. वाऱ्याने उडणारी वाळू ती आपल्या जाळ्यात धरते आणि त्यातून बागेपुढे वाळूची टेकडी पुन्हा वाढते. पावसाळ्यात समुद्र त्या टेकडीतून वाळू घेतो आणि नंतर पुळण पुन्हा भरते. आपण गडगा बांधताना नेमकी तीच टेकडी सपाट केली, आणि तिच्या जागी लावलेल्या सुरूची मुळे उथळ असल्याने निसर्ग वादळात तो अर्धा आडवा झाला. केवडा, उंडी आणि करंज ही आपल्या किनाऱ्याची मूळची झाडे मागच्या रांगेत लावावीत, असे मला वाटते.

गडग्याचे म्हणाल, तर तो उचलून बागेच्या आत घ्यावा. काही गुंठे जमीन समुद्राला मोकळी सोडावी लागेल, हे ऐकायला कडू आहे. पण टेकडीचा दुसरा लाभ विहिरीला आहे. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि ढोबळ नियम असा, की समुद्रसपाटीच्या वर ते 1 फूट असेल तर खाली सुमारे 40 फुटांपर्यंत गोड्या पाण्याचा साठा असतो. टेकडी गेली आणि पंपाने उपसाही वाढला, की हा साठा झपाट्याने आटतो. आपल्या खालच्या विहिरीचे पाणी वैशाखात मचूळ लागू लागले, त्यामागे हे कारण असण्याची शक्यता बरीच आहे.

आत्या (खाडीपलीकडून) :
मचूळ कधीपासून लागते, ते मी सांगते. गडगा झाल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून. त्याआधी त्याच विहिरीच्या पाण्यावर डाळ शिजत असे.

मोठे काका (गाव) :
आता सर्वांच्या मताचा मसुदा लिहितो, त्यात कमीजास्त सुचवावे. आपण बंधाऱ्याला नकार देत नाही आणि आंधळी संमतीही देत नाही. आमची संमती पुढील माहिती मिळेपर्यंत राखून ठेवावी, असे कळवू : बंधाऱ्याचा नकाशा आणि त्याची दोन्ही टोके नेमकी कुठे येतात, आराखड्यासाठी खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थेकडून किनाऱ्याचा अभ्यास करून घेतला आहे का, तो अभ्यास पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही मोजणींवर आधारलेला आहे का, कासवांच्या विणीची आणि रापणीची जागा त्यात दाखवली आहे का, आणि खाडीच्या मुखातून निघणाऱ्या वाळूवर नियंत्रण आणण्याचा स्वतंत्र ठराव याच सभेत घेतला जाणार आहे का. शेवटचा मुद्दा मी स्वतः मांडीन, त्याचे जे काही व्हायचे ते माझ्या नावावर होऊ दे.

धाकटे काका (डोंबिवली) :
दादा, मसुदा मान्य आहे, एक वाक्य वाढवावे. अभ्यासाअंती बंधारा आवश्यकच ठरला, तर तो वस्तीलगतच्या भागापुरता असावा आणि त्याचे टोक कोणाच्याही बागेत सोडू नये. गडगा आत घेण्याचे मी अजून मान्य केलेले नाही. होळीला येईन तेव्हा जागेवर उभे राहून बोलू. आणि शेवटचा मुद्दा तू एकट्याने मांडू नकोस, खाली माझेही नाव घाल.

दादा (गाव) :
पुढच्या अमावस्येच्या उधाणाला गडग्याच्या चार कोपऱ्यांवरून फोटो काढून ठेवतो आणि त्यावर तारीख-वेळ टाकतो. ज्यांच्याकडे जुन्या सुट्ट्यांमधले किनाऱ्याचे फोटो असतील, त्यांनी ते महिन्यासह येथे पाठवावेत. लग्नाच्या अल्बममधले चालतील, मागे समुद्र दिसत असला म्हणजे झाले.

वहिनी (ठाणे) :
सासूबाईंच्या अल्बममध्ये आहेत. रात्री स्कॅन करून पाठवते.