दोन गुण आणि गच्चीची किल्ली

ए-३०२ काका: सुप्रभात. काल महाराष्ट्र दिनाच्या प्रश्नमंजुषेत विचारलं, हरितक्रांतीच्या वेळचे कृषिमंत्री, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल, कोण? आम्ही सांगितलं सी. सुब्रमण्यम. आमचं चूक, बी विंगचं 'स्वामीनाथन' बरोबर! आमचे २ गुण गेले. खुलासा व्हावा.

बी-१०४: काका, खेळ होता हो 😄

सेक्रेटरी: कार्डावर होतं तेच उत्तर धरलं. कार्डं सांस्कृतिक समितीची.

सी-२०१ वहिनी: समिती म्हणजे मी एकटी. बाकीचे फोटोपुरते.

डी-४०१: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? टाकी वाहतेय.

ए-३०२ काका: स्वामीनाथन शास्त्रज्ञ होते. मोठेच, पण राज्यपाल नव्हते. सुब्रमण्यम १९६४ ते ६७ अन्न व कृषिमंत्री. दुष्काळ, देश अमेरिकेच्या गव्हावर जगतोय, आणि या माणसाने मेक्सिकोचं १८,००० टन बियाणं आणवलं. दिल्लीतल्या बंगल्याची हिरवळ नांगरून तिथे गहू पेरला!

बी-१०४: आपल्या लॉनवर पेरूया. मेंटेनन्स गव्हात भरू.

ए-१०१: लॉनवरची स्कूटर हलली तर पेराल ना!

बी-१०४: नाव घ्या की सरळ.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून 🙏

सी-२०१ वहिनी: सुब्रमण्यम म्हणजे ते कोर्टात केसेस टाकतात तेच ना?

ए-३०२ काका: ते स्वामी, वहिनी! हे वेगळे. यांना १९९८ साली भारतरत्न मिळालं. आमचे २ गुण.

बी-३०३ आजोबा: देशाला गहू दिला आणि ६७ च्या निवडणुकीत स्वतःच पडले. द्रमुकची लाट. इकडे १९९० मध्ये राज्यपाल म्हणून आले. जानेवारी ९३ मध्ये गेले, तेही राजीनामा देऊन. पंतप्रधान नरसिंह रावांबद्दल खासगीत बोलले ते पेपरात छापून आलं. ६५ मध्येही हिंदीच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा पुढे केला होता.

ए-१०१: आपल्याकडे असं कोणी करेल?

सेक्रेटरी: मी आत्ता देतो. घेणारा पुढे येऊ दे.

डी-४०१: गच्चीची किल्ली??

सी-२०१ वहिनी: बरं, काका, २ गुण दिले. आता तुम्ही पहिले.

ए-३०२ काका: धन्यवाद. मग बक्षिसाचा डबा?

बी-१०४: त्यात आज पोह्यांचा चिवडा भरलाय. रिकामा झाला की पाठवतो.

डी-४०१: पाणी जिन्यात आलंय. किल्ली!!!

ए-३०२ काका: अरे, ती माझ्याकडेच आहे.