इतिहासाचा तास सुरू कसा करता? अनुभव सांगा

नववी-दहावीला इतिहास शिकवणाऱ्यांसाठी हा धागा, आणि शिकून बाहेर पडलेल्यांसाठीही. आधी चर्चा की आधी टिपणं, यावर आमच्या शिक्षकखोलीत सरळ दोन तट आहेत. मी चर्चेच्या बाजूची. हजेरी झाली की फळ्यावर एवढंच लिहिते: '१४ जुलै १७८९. सोळाव्या लुईच्या रोजनिशीतली नोंद: काही नाही.' त्याच दिवशी पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग जमावाच्या हाती पडला, हे मुलांनी वाचलेलं असतं. मग फ्रान्सच्या या राजावर तोंडसुख घेणं सुरू होतं. ते मी होऊ देते. थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच, 'बाई, ही रोजनिशी कसली होती?' ती मुख्यतः शिकारीची नोंदवही. त्या दिवशी शिकार नाही, म्हणून 'काही नाही'. एवढं कळलं की राजा बाजूला राहतो आणि सगळे त्या कागदाबद्दल बोलू लागतात: तो कुणी लिहिला, कशासाठी लिहिला. वह्या उघडायच्या त्या यानंतर. तुमची पद्धत लिहा, विरोधातली असली तरी.

शेवटचा बाक: मी विद्यार्थी म्हणून लिहितो. आम्हाला कारणे, घटना, परिणाम असं सगळं सांगून उतरवून घेतलं जायचं. अक्षर सुधारलं, हे मान्य करायला हवं. दहावीला नव्या बाई आल्या आणि त्यांनी पान आखायला लावलं: डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे रुंद, तळाशी चार-पाच ओळींची जागा. उजवीकडे तासात ऐकलेलं, डावीकडे त्यावर आपले प्रश्न, तळाशी सारांश. ही पद्धत कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची, हे पुढे कॉलेजात कळलं. परीक्षेआधी उजवी बाजू झाकायची आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. पाठांतराचा कंटाळा असलेल्या माझ्यासारख्याला हे फार सोयीचं पडलं.

खडूची धूळ: धागाकर्त्या बाईंशी असहमत. हाताशी काही नसताना चर्चा सुरू केली की 'मला वाटतं, मला वाटतं' एवढंच ऐकू येतं. त्यातही तीच चार मुलं बोलतात. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह घेताना मी आधी अर्धं पान देतो. २८ जून १९१४, सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकची, म्हणजे गादीच्या वारसाची, हत्या. २८ जून १९१९, तहावर सह्या. कलम २३१, युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रराष्ट्रांवर. १९२१ मध्ये ठरलेली भरपाई, १३२ अब्ज सुवर्ण मार्क. मग विचारतो, सह्या करणारा जर्मन प्रतिनिधी काय म्हणाला असता, आणि ज्याचं गाव खंदकांच्या रेषेत गेलं तो फ्रेंच शेतकरी काय म्हणाला असता? यावर भांडणं होतात, पण आकडे हातात धरून. (तारीख तीच कशी, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यावर दुसरा तास जातो. पोर्शनचं विचारू नका.)

मागून दुसरी रांग: चर्चा आधी की टिपणं आधी, या वादात गप्प बसणारी मुलं राहूनच जातात. मी प्रश्न फळ्यावर लिहिते, दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही, वहीत फक्त लिहायचं. मग शेजाऱ्याला सांगायचं, मग वर्गाला. लिहिलेलं वाचून दाखवायला लाजरी मुलंही तयार होतात. दुसरं म्हणजे, प्रश्न विचारून थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं होतं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीनेक सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. करून बघा, ते तीन सेकंद संपता संपत नाहीत.

नोंदनीस: आमच्याकडे पाळीपाळीने दोघंजण चर्चा फळ्यावर उतरवतात. रकाने तीन: दावा, पुरावा, शंका. बाकीच्यांनी तेच वहीत घ्यायचं, पण आपल्या शब्दांत. कोलंबसाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीवर हा प्रयोग छान रंगतो. मूळ रोजनिशी हरवली आहे, आपल्यापर्यंत आलं ते लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने तिच्यावरून केलेलं टिपण. एका मुलीने शंकेच्या रकान्यात लिहिलं, 'मग यातलं कोलंबसाचं किती आणि लास कासासचं किती?' त्या दिवशी धडा पुढे सरकला नाही.

धागाकर्ती: खडूची धूळ, अर्ध्या पानाची कल्पना उचलते आहे. पण पान देणार ते रोजनिशीवर बोलणं झाल्यावर, आधी नाही. नोंदनीस, या वह्यांना गुण देता का?

नोंदनीस: नाही. एकदा गुण ठेवले की मुलं मला आवडतील अशाच शंका लिहितात. महिन्यातून एकदा वह्या गोळा करून तेवढा एक रकाना वाचतो. कोरा दिसला तर तिथे मीच एक प्रश्न लिहून वही परत देतो.